चेक लाइट : एका पिवळ्या दिव्याचा इतिहास, वाशीममधून

२०२१ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. सोयाबीन सोंगून झालं होतं, मळणीयंत्रं गावोगाव फिरत होती आणि बाजार समितीच्या गेटपासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागलेली होती. अशा दिवसांत आमच्या गॅरेजवर मालवाहू पिकअपचे ड्रायव्हर येतात ते घाईतच. मालेगाव तालुक्यातला एक जण आला. गाडी त्याची स्वतःची, सेकंडहँड घेतलेली, हप्ता चालू असलेली. दार उघडायच्या आधीच सांगायला लागला, "भाऊ, पिवळा लाइट पेटून राह्यला. गाडी ओढतच नाही. दोन हजाराच्या वर रेसच घेत नाही."

मी स्कॅनर लावला. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात केबल खोचली, चावी फिरवली. स्क्रीनवर कोड आला : पी०१९३. मला तो पाठ होता. रेल प्रेशर सेन्सर. म्हणजे डिझेल ज्या नळीत प्रचंड दाबाखाली साठवलेलं असतं, त्या नळीतला दाब मोजणारा सेन्सर. मी त्याला सांगून टाकलं, "सेन्सर गेला." अकोल्याहून पार्ट मागवला. दोन दिवस गेले. सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी सुरू केली. दिवा परत पेटला. तोच कोड.

मग मी जे बोललो ते आजही आठवलं की लाज वाटते. मी म्हणालो, "मग ईसीएम गेलं असेल."

ईसीएम म्हणजे गाडीचा मेंदू. नवा घ्यायचा तर पिकअपच्या कित्येक हप्त्यांएवढे पैसे. तो माणूस बाजूला पडलेल्या टायरवर बसला आणि काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने फोन लावला आणि गावातल्या कोणाला तरी सांगितलं, की उद्याचा माल दुसऱ्या गाडीत भरा.

त्या दिव्याने त्याला काय सांगितलं होतं आणि मी काय ऐकलं, यातला फरक कळायला मला आणखी एक दिवस लागला. आणि तो दिवा मुळात कोणासाठी पेटतो, हे कळायला त्यानंतरची दोन-तीन वर्षं. गॅरेज बंद झाल्यावर रात्री मोबाइलवर जे वाचत गेलो, त्याची ही गोष्ट.

दिवा नव्हता तेव्हा

बाबांनी काम शिकायला सुरुवात केली तेव्हा वाशीम हा जिल्हाही नव्हता. अकोला जिल्ह्यातला तालुका होता. (जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला.) रस्त्यावर दिसायच्या त्या जीपगाड्या, ट्रॅक्टर, एसटी आणि मोजक्या अॅम्बेसेडर, फियाट. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये माणसं आतही बसायची, मागेही लटकायची आणि टपावर कोंबड्यांच्या पाट्या असायच्या.

त्या जीपच्या डिझेल इंजिनात विजेचं काम जवळपास नव्हतंच. पंप डिझेल ढकलतो, नोझल ते फवारते, दाबलेल्या गरम हवेत ते पेट घेतं. सगळं लोखंडाचं लोखंडाशी. बॅटरी उतरली तर चार माणसांनी ढकलायची, गिअर टाकायचा, गाडी चालू. डॅशबोर्डवर फार तर तीन गोष्टी : ऑइलचा दिवा, चार्जिंगचा दिवा आणि पाण्याच्या तापमानाचा काटा. त्यातलंही निम्मं बंद पडलेलं.

हे दिवेसुद्धा एके काळी नवे होते. आधी गाड्यांमध्ये काटेच असायचे, आणि काटा वाचायला माणूस लागतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने ऑइलचा दाब आणि चार्जिंग यांसाठी काट्यांऐवजी दिवे बसवले. काटा हळूहळू खाली येताना दिसला तर जाणता ड्रायव्हर आधीच सावध होतो. दिवा मात्र दोनच गोष्टी जाणतो : सगळं ठीक, किंवा झालं ते झालं. म्हणून जुन्या मेकॅनिक लोकांनी त्याला 'इडियट लाइट' असं नाव ठेवलं. मूर्खांचा दिवा.

बाबा दिव्यावर विसंबायचे नाहीत. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला, अशी त्यांची तपासणी. टॅपेट वाजतंय की बेअरिंग, ते त्या पेचकसातून कळायचं. धूर पाहायचे. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर येतंय किंवा पाणी आत शिरलंय. कोणता नोझल मार खातोय हे शोधायला एकेका सिलिंडरचा पाइप ढिला करायचे. ज्याचा ढिला केल्यावर आवाजात फरक पडला नाही, तो आजारी. मला हे सगळं जादूसारखं वाटायचं. जादू नव्हती. इंजिन बोलत होतं आणि माणूस मधे कोणाला न घेता ऐकत होता.

अननसाचा वास आणि लॉस एंजेलिसची हवा

मधे येणारा कोणीतरी जन्माला आला तो आपल्यापासून फार लांब.

१९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस शहरावर एक धुरकट, डोळे चुरचुरवणारा थर उतरला. महायुद्ध चालू होतं. काही लोकांना वाटलं, जपानने विषारी वायू सोडला. पुढची काही वर्षं कारखान्यांवर, तेलाच्या रिफायनऱ्यांवर, कचरा जाळण्यावर संशय घेऊन झाला. उत्तर सापडलं ते एका अशा माणसाला, ज्याचा गाड्यांशी काही संबंध नव्हता. आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ, कॅलटेक या संस्थेत अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. अननसाचा वास ज्या पद्धतीने गोठवून त्यातली द्रव्यं वेगळी करायची, त्याच पद्धतीने त्यांनी शहरातली हवा गोठवून तपासली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं, की गाड्यांच्या धुरातलं न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरवणारा तो थर बनतो तो याच प्रक्रियेतून. म्हणजे शत्रू आकाशातून आलेला नव्हता. प्रत्येकाच्या दारात उभा होता.

तेल कंपन्यांना हे पटायला वेळ लागला. त्यांनी विरोधी संशोधनही करवून घेतलं. पण १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० मध्ये अमेरिकेने हवेचा कडक कायदा केला. १९७५ पासून तिथल्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. ही एक जाळीदार भट्टी. तिच्यातल्या प्लॅटिनमसारख्या धातूंमुळे विषारी वायू कमी विषारी होऊन बाहेर पडतात.

पण ही भट्टी नीट चालायची तर इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण अगदी काटेकोर लागतं. एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, वजनाने. कार्बोरेटरला हे जमत नाही. थंडी, ऊन, घाट, भार, सगळ्यांनी ते बदलतं. म्हणून धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बॉश कंपनीचा हा सेन्सर बसला. त्याचं ऐकून दर क्षणाला पेट्रोल कमी-जास्त करायला कोणीतरी हवं, म्हणून छोटा संगणक आला. १९७९ मध्ये बॉशच्याच 'मोट्रॉनिक'ने पेट्रोल आणि ठिणगी, दोन्ही एकाच डब्याच्या ताब्यात दिली. तोच आपला ईसीएम.

इथपर्यंत सगळं ठीक. पण एक प्रश्न उरला. कारखान्यातून स्वच्छ निघालेली गाडी पाच वर्षांनी घाण झाली तर कळणार कसं? लाखो गाड्यांच्या मागे लाखो निरीक्षक कुठून आणायचे? कॅलिफोर्नियाने उत्तर काढलं : गाडीलाच तिचा निरीक्षक करायचं. संगणक आत आहेच, सेन्सर आहेतच. काही बिघडलं की त्याने नोंद करायची आणि डॅशबोर्डवर दिवा लावायचा. १९८८ च्या मॉडेलपासून हा नियम लागू झाला.

त्या काळात कोड वाचायलाही गंमत होती. सॉकेटमधल्या ठरावीक दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या, की दिवा मोजून लुकलुकायचा. एकदा, मग थोडं थांबून दोनदा : म्हणजे १२. पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे, भाषा वेगळी. त्यावर दुसरा नियम आला आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना एकच सॉकेट, सोळा पिनांचं, आणि कोडची एकच लिपी सक्तीची झाली. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे डब्यांचं आपसातलं बोलणं. वाशीमच्या हिंगोली नाक्यावर मी केबल खोचतो ते सॉकेट तेच आहे. १६ नंबरची पिन बॅटरीची, ४ आणि ५ अर्थिंगच्या, ६ आणि १४ वरून निरोप येतात-जातात.

हे वाचताना एका रात्री माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण सगळे समजतो, की हा पिवळा दिवा इंजिन वाचवायला आहे. इंजिन वाचवायला लाल दिवे आहेत : ऑइलचा, तापमानाचा. लाल पेटला की जिथे असाल तिथे थांबायचं. पिवळा दिवा जन्माला आला तो दुसऱ्यांच्या फुप्फुसांसाठी. म्हणून तर गाडी चांगली पळत असतानाही तो पेटतो आणि आपण त्याच्यावर वैतागतो. पिवळा दिवा स्थिर असेल तर लवकर दाखवून घ्या. पण लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि गाडी बाजूला घ्या : सिलिंडर मिस मारतोय, कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि ती महागडी भट्टी वितळू शकते.

माशेलकर, न्यायालय आणि आपला तालुका

भारतात हा दिवा दिल्लीच्या धुरातून आला. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल सुरू झालं, कारण शिसं कन्व्हर्टरला निकामी करतं. देशभरातल्या पेट्रोलमधून शिसं गेलं ते १ फेब्रुवारी २००० पासून. दरम्यान २९ एप्रिल १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात युरोपसारखी मानकं तातडीने लावायचा आदेश दिला. ज्यांना १९८३ ची मारुती ८०० आठवते त्यांना तिचा कार्बोरेटरही आठवत असेल. याच सुमारास त्या गाडीतही कार्बोरेटर जाऊन संगणकाच्या तालावर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले. गॅरेजवर त्याला सगळे 'एमपीएफआय' म्हणायचे आणि बोनेट उघडून दोन पावलं मागे सरायचे.

पुढचा आराखडा करायला केंद्र सरकारने २००१ मध्ये समिती नेमली. अध्यक्ष होते डॉ. रघुनाथ माशेलकर. कोणत्या वर्षी, कोणत्या शहरात, किती स्वच्छ इंधन आणि किती स्वच्छ गाडी, याचं वेळापत्रक या समितीने मांडलं. त्यातून एक विचित्र नकाशा तयार झाला. २०१० मध्ये भारत स्टेज ४ मोठ्या शहरांत आलं. आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर त्या यादीत होती. उरलेल्या देशाला स्टेज ३. गाडीने स्वतःची तपासणी करून दिवा लावायचा नियमही स्टेज ४ बरोबरच आला : २०१० मध्ये पहिला टप्पा, २०१३ मध्ये दुसरा.

वाशीमसारख्या जिल्ह्यापर्यंत स्टेज ४ सक्तीने पोचलं १ एप्रिल २०१७ ला. त्याच्या तीन दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने स्टेज ३ च्या गाड्यांची विक्री बंद केली आणि ३० आणि ३१ मार्चला शोरूमवर दुचाकी घ्यायला जी झुंबड उडाली ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. पुढे पाचवा टप्पा गाळून थेट सहावा आला, १ एप्रिल २०२० ला. डिझेलमधलं गंधक दहा लाखात ५० भागांवरून १० भागांवर आलं. डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी आली, आणि बऱ्याच मोठ्या गाड्यांना युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी.

युरिया म्हटल्यावर आमच्याकडे काय झालं असेल ते ओळखा. "आपल्या घरी पोतं पडलं आहे, तेच पाण्यात कालवून टाकलं तर?" हे मला आजवर कितीदा विचारलं गेलंय याची मोजदाद नाही. नाही चालत. गाडीला लागतं ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी. शेतातल्या पोत्याने सगळी यंत्रणा चोंदते.

काजळीच्या जाळीचंही तसंच. ती स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी बराच वेळ सलग, गरम राहून पळावी लागते. गाव ते बाजार समिती, बाजार समिती ते गाव, अशा दहा-पंधरा किलोमीटरच्या फेऱ्यांत ती संधीच मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू झाला, तेव्हापासून मी काही जणांना सरळ सांगतो : शेलूबाजारला चढा, कारंजाला उतरा, जाळी साफ होईल, दिवा जाईल. कधी कधी खरंच जातो.

एवढं होऊनही शेतात पाहाल तर अजून जुनंच जग चालू आहे. ट्रॅक्टरांचे नवे कडक नियम जानेवारी २०२३ पासून लागू झाले ते ५० अश्वशक्तीच्या वरच्यांना. आमच्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या खालचे. त्यांच्यात ना ईसीएम, ना पिवळा दिवा. ते ट्रॅक्टर आले की बाबा खुर्चीवरून उठतात.

कुलूप आणि किल्ली

नियम म्हणाला, सॉकेट एकच, भाषा एकच. पण तो बोलत होता फक्त धुराशी संबंधित कोडबद्दल. ब्रेक, एअरबॅग, चावी, इंजेक्टर यांची भाषा कंपन्यांची खासगीच राहिली. उदाहरण सांगतो. कॉमन रेल गाडीचा नवा इंजेक्टर बसवला, की त्याच्यावर कोरलेला आकड्यांचा कोड ईसीएममध्ये लिहावा लागतो. प्रत्येक इंजेक्टर केसभर वेगळा फवारतो, तो फरक संगणकाला कळावा म्हणून. पाना-पेचकसाने इंजेक्टर मी बसवू शकतो. कोड लिहायला यंत्र लागतं, आणि ते यंत्र कंपनी फक्त तिच्याच सर्व्हिस सेंटरला देणार असेल तर माझं शिक्षण तिथेच संपलं.

या प्रश्नावर भारतात मोठा खटला झाला आहे आणि आमच्या धंद्यातल्या फार थोड्या लोकांना तो माहीत आहे. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की कार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला आणि सांगितलं, की सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करून द्या. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. दंडाचं प्रकरण वरच्या न्यायालयांत गेलं. पण एका सरकारी आदेशात हे लिहिलं गेलं, की गाडीतलं ज्ञान हाही बाजारातला माल आहे आणि तो कोंडून ठेवता येत नाही. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली. तिच्या पहिल्या चार विषयांत मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर गाड्या आणि शेतीची अवजारंही आहेत.

कायदा येईपर्यंत लोकांनी आपली वाट काढली होतीच. कॅनडातल्या एका छोट्या कंपनीने 'ईएलएम३२७' नावाची चिप केली. गाडीची भाषा साध्या संगणकाला समजेल अशी करून देणारी दुभाषी. तिच्या पहिल्या आवृत्तीत नक्कल अडवण्याची सोय चालू केलेली नव्हती. चीनमध्ये नकला झाल्या, आणि आज काडेपेटीएवढा निळा डबा काही शे रुपयांत घरपोच मिळतो. सॉकेटमध्ये खोचा, मोबाइलला जोडा, कोड वाचा. माझं पहिलं 'स्कॅनर' तेच होतं. अभ्यासाला उत्तम. पण ते कोड वाचतं, गाडी वाचत नाही. आणि कोड पुसायचं बटणही देतं. दिवा गेला म्हणजे आजार गेला असं समजणाऱ्यांची त्याने चंगळ केली.

जो दिवा पेटलाच नाही

संगणक खरं बोलतो, असं मला बरीच वर्षं वाटायचं. बाबांना वाटायचं नाही. त्यांची बाजू घेणारी गोष्ट २०१५ मध्ये जगासमोर आली.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाने डिझेल गाड्यांच्या मागे यंत्र बांधून त्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या होत्या. प्रयोगशाळेत स्वच्छ दिसणाऱ्या फोक्सवॅगनच्या गाड्या रस्त्यावर कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये सगळं उघड झालं. ईसीएमच्या सॉफ्टवेअरमध्येच चलाखी होती. स्टिअरिंग हलतंय का, वेग कसा वाढतोय, यावरून गाडी ओळखायची, की आपली परीक्षा चालू आहे. परीक्षेपुरती शहाण्यासारखी वागायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये हे होतं.

मग आपल्याकडे प्रश्न आला पुण्याच्या वेताळ टेकडीवर. तिथे एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था आहे, १९६६ पासूनची. त्यांनीही प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे ताडून पाहिले आणि फरक आढळला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावत असल्याचं जाहीर केलं. आपण इथले नियम मोडले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं.

माझ्यासाठी त्यातली बोचणारी गोष्ट वेगळी. त्या गाड्यांमध्ये पिवळा दिवा होता, सेन्सर होते, सोळा पिनांचं सॉकेट होतं. लॉस एंजेलिसच्या हवेसाठी जन्मलेला तो निरीक्षक आतच बसलेला होता. पण दिवा पेटला नाही, कारण कधी पेटायचं हे ठरवणारा आणि धूर सोडणारा एकच होता. चोरी पकडली ती शेवटी माणसांनी, गाडीच्या मागे यंत्र बांधून, रस्त्यावर उतरून. पेचकस कानाला लावण्याचाच तो मोठा प्रकार.

कोडमध्ये काय लिहिलं होतं

आता त्या पिकअपकडे येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले. ईसीएमचं ऐकून त्यांनी मला एकच विचारलं. "मशीननं तुले सांगतलं का, सेन्सर गेला म्हनून? लिवलं काय आहे ते वाच."

मी स्कॅनरवरचं वाक्य वाचलं आणि मराठीत सांगितलं : इंधनाच्या नळीतल्या दाबाच्या सेन्सरचं सर्किट, व्होल्टेज जास्त.

"सर्किट म्हंजे सेन्सर असते का?"

मी गप्प. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचं कपलर, तीन वायरी आणि पलीकडचा ईसीएम, एवढं सगळं. मशीनने 'या गल्लीत गडबड आहे' असं सांगितलं होतं. मी गल्लीतल्या पहिल्याच घराचं दार तोडलं होतं.

बाबांनी खिशातून टेस्ट लँप काढला : बल्ब, वायर आणि टोक, आयुष्यभर वापरलेला. इथे मात्र मी त्यांचा हात धरला. १२ व्होल्टचा बल्ब ईसीएमच्या नाजूक वायरीला लावला तर जास्त करंट ओढून आतला भाग जाळू शकतो. मी मल्टिमीटर दिला. कपलर काढलं, चावी ऑन केली. पहिली वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह : ५ व्होल्ट. बरोबर, सेन्सरला लागणारी वीज येतेय. तीच वायर आणि कपलरमधली अर्थिंगची पिन : शून्य. तिथेही ५ यायला हवे होते. म्हणजे वीज पोचत होती, पण परत जायची वाट तुटलेली होती. अर्थिंग तुटली की सेन्सरच्या निरोपाची वायर वरच अडकते आणि ईसीएमला वाटतं, दाब भयंकर आहे. म्हणून तो इंजिनाला आवरून धरत होता. बिचारा आपलं काम चोख करत होता.

वायरिंगवरची काळी टेप सोडत गेलो. इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्याजवळ एक घरटं सापडलं. चिंध्या, सुतळी आणि सोयाबीनच्या शेंगांची टरफलं. उंदरांनी आपला हंगाम साजरा केला होता. एक वायर पूर्ण तुटलेली, दोन कुरतडलेल्या. बोटभर वायर जोडली, सोल्डर केली, वरून नळी चढवली. चावी. दिवा पेटला, इंजिन सुरू झालं, दिवा विझला.

मी त्या ड्रायव्हरला सेन्सरचे पैसे परत दिले. इलेक्ट्रिकचा पार्ट दुकानदार परत घेत नाही, तो सेन्सर अजून आमच्या फळीवर आहे. पण ऐन हंगामातले तीन दिवस, त्यातल्या फेऱ्या, दुसऱ्या गाडीकडे गेलेलं गिऱ्हाईक, हे मी कुठून आणून देणार होतो? तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "ईसीएम घ्यायला मी सोनं ठेवणार होतो भाऊ."

त्यानंतर मी एक वही घातली. गाडी आली की कोड आधी वहीत लिहायचा, नुसता आकडा नाही, पूर्ण वाक्य, मराठीत. मग कपलर, फ्यूज, अर्थिंग, वायर. मग सेन्सर. ईसीएमचं नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही दुसऱ्या माणसाने मोजून पाहिल्यावर. बॅटरीचं व्होल्टेज मात्र सगळ्यांत आधी, कारण बॅटरी अशक्त असेल तर डबे आपसांत बोलताना चुकतात आणि एकदम दहा कोड दिसतात. तुमच्या गाडीत दिवा पेटला तर मेकॅनिकला एवढंच विचारा : कोडमध्ये काय लिहिलंय, आणि तुम्ही मोजून काय पाहिलं? याचं उत्तर देता आलं नाही तर पार्ट मागवू देऊ नका. मलासुद्धा नाही.

तो पिकअपवाला अजून येतो. बोनेटखाली आता त्याने डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधली आहे. उंदरांवर तिचा काही परिणाम होतो असं मला दिसलेलं नाही, म्हणून सोयाबीन निघालं की तो आधी मला वायरिंग उघडून पाहायला सांगतो. गेल्या खेपेला दिवा पेटलेला नसतानाच आला होता. बाबा ट्रॅक्टरखाली होते. त्याने वही मागितली, जुनं पान उलटून स्वतःच्या गाडीचं वाक्य वाचलं आणि 'सर्किट' या शब्दावर बोट ठेवून मला म्हणाला, "हे पहिले पाह्य."